दोन कर्तव्ये समोरासमोर आली तर: धर्मसंकटात विचार कसा करावा

'धर्मसंकट' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एकाच दिवशी दोन लग्नांची आमंत्रणे आली तरी धर्मसंकट, आणि वरिष्ठाने खोट्या बिलावर सही मागितली तरी धर्मसंकटच. या लेखात तो शब्द नेमक्या अर्थाने घेतला आहे: दोन्ही कर्तव्ये खरोखर आपल्यावर आहेत, दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत, आणि कोणतेही एक मोडले तरी त्याची बोच लागणे योग्यच आहे, असा प्रसंग. अशा वेळी विचार करण्याची पद्धत असते, ती शिकता येते आणि सरावाने हातात बसते. ज्यांनी असा विचार पायरीपायरीने कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

गेली काही वर्षे मी गंभीर आजारी रुग्णांच्या कुटुंबांसोबत बसण्याचे स्वयंसेवी काम करते. तिथे पुन्हा पुन्हा दिसणारा एक पेच उदाहरणासाठी घेते. हे कुटुंब अनेक कुटुंबांच्या अनुभवांतून जुळवलेले आहे. सत्तरीतले बाबा, निवृत्त शिक्षक. स्वादुपिंडाचा कर्करोग, तोही यकृतापर्यंत पसरलेला. थोरला मुलगा रिपोर्टची फाइल छातीशी धरून डॉक्टरांना सांगतो, "यातले काहीही बाबांना कळू देऊ नका, ते खचतील." आईने त्याच्याकडून तसे वचन घेतले आहे. धाकटी मुलगी म्हणते, बाबांना कळलेच पाहिजे. आणि बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "काय निघाले रे तपासणीत?" त्यांना रोज एकच उत्तर मिळते: "थोडी सूज आहे."

पहिली पायरी: हे खरोखर धर्मसंकट आहे का, ते पाहा

पुष्कळदा एका बाजूला कर्तव्य असते आणि दुसऱ्या बाजूला भीती, संकोच किंवा सोय कर्तव्याचा पोशाख घालून उभी असते. खोट्या बिलावरच्या सहीचा प्रसंग बहुतेक वेळा असाच असतो; तिथे काय करायचे हे माहीत असते, अवघड असते ते करणे. ओळखण्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्यावर कोणीही रागावणार नाही आणि माझे काहीही नुकसान होणार नाही अशी खात्री कोणी दिली, तरी माझी शंका उरेल का? शंका विरून गेली, तर प्रश्न धैर्याचा होता. उरली, तर पुढे वाचावे.

थोरल्या मुलाला हा प्रश्न विचारला तेव्हा त्याचे उत्तर दोन्हीकडचे होते. बाबांसमोर रडू कोसळेल याची त्याला भीती होती, आणि ती भीती 'ते खचतील' या वाक्यात मिसळली होती. पण ती बाजूला काढल्यावरही काही उरत होते: आईला दिलेले वचन, आणि वडिलांना विनाकारण यातना न देण्याचे कर्तव्य. म्हणजे पेच खरा होता, फक्त दिसत होता त्यापेक्षा लहान होता.

दुसरी पायरी: वस्तुस्थिती मिळवा, आणि ती मिळेपर्यंत मत बनवू नका

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा, कारण माझ्या अनुभवात निम्मे वाद कर्तव्याबद्दलचे नसतातच, ते न तपासलेल्या गृहीतकांबद्दलचे असतात. कागदाचे तीन रकाने करावेत: 'माहीत आहे', 'वाटते' आणि 'भीती आहे'. आपल्या मनातले प्रत्येक वाक्य यांपैकी कुठे बसते ते प्रामाणिकपणे ठरवावे. आजार पसरला आहे, हे पहिल्या रकान्यात. बाबांना काहीच कल्पना नाही, हे दुसऱ्या. बाबा खचतील, हे तिसऱ्या. आणि कुटुंबाचा सगळा निर्णय याच तिसऱ्या रकान्यातल्या वाक्यावर उभा आहे, हे कागदावर पाहिल्यावर लख्ख दिसते.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातली वाक्ये पहिल्यात आणता येतात का, किंवा खोडता येतात का, ते पाहावे. डॉक्टरांनी नेमके कोणते शब्द वापरले? उपचाराचे कोणते निर्णय अजून व्हायचे आहेत, आणि ते बाबांना विचारल्याशिवाय घेता येतील का? बाबा पूर्ण शुद्धीत किती काळ राहण्याची शक्यता आहे? त्यांचे काय अपुरे आहे: शेताची वाटणी, एखाद्या भावाशी अबोला, गावी जाण्याची इच्छा? पूर्वी घरात कोणी असेच आजारी असताना ते काय बोलले होते? आमच्या उदाहरणातल्या मुलीला इथे अचानक आठवले, की काकांच्या वेळी बाबाच चिडून म्हणाले होते, "त्याला कोणी नीट सांगितलेच नाही." हे एक वाक्य सगळ्या तर्कवितर्कांपेक्षा जड आहे. आणि असे वाक्य बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला आठवते. फक्त ते विचारावे लागते.

वस्तुस्थितीत आणखी एक गोष्ट येते: कोण विचारते आहे आणि कशासाठी. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. गावाजवळ नद्यांच्या संगमावर राहणाऱ्या या तपस्व्याने नेहमी सत्यच बोलण्याचे व्रत घेतले होते. दरोडेखोरांना भिऊन काही लोक जवळच्या रानात लपले. मागून आलेल्या दरोडेखोरांनी सत्याचाच हवाला देऊन त्याला वाट विचारली, त्याने ती दाखवली, आणि ते लोक मारले गेले. कौशिकाला नरक मिळाला. कथेत त्याचे वर्णन 'तपस्वी, पण बहुश्रुत नसलेला' असे येते, आणि मला ते फार नेमके वाटते. त्याची निष्ठा कमी पडली नाही. कमी पडली ती प्रसंग वाचण्याची बुद्धी. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्यापुढे 1797 साली जवळपास हाच प्रश्न आला होता: मारेकरी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का? कांट यांनी तिथेही खोटे बोलण्याची परवानगी नाकारली. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. मी स्वतः श्रीकृष्णाच्या बाजूची आहे, कारण अन्यायासाठी विचारणाऱ्याला सत्याचे देणे लागत नाही.

पण हीच गोष्ट आमच्या उदाहरणातल्या घरात उलट्या बाजूने लागू पडते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. इथे विचारणारा दरोडेखोर नाही. ज्याचे शरीर, ज्याचे उरलेले दिवस, तोच विचारतो आहे.

तिसरी पायरी: प्रत्येक कर्तव्य कोणाला लागते, ते लिहा

'खरे बोलणे' आणि 'दुखवू नये' अशी नुसती नावे समोरासमोर ठेवली, तर ती कायमची भांडत राहतात. त्याऐवजी प्रत्येक कर्तव्यापुढे ते कोणाप्रति आहे आणि कशातून आले, हे लिहावे. बाबांच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे: बाबांप्रति, त्यांच्या स्वतःवरच्या अधिकारातून. त्यांना अनावश्यक यातना न देणे: पुन्हा बाबांप्रति, प्रेमातून. मौन पाळणे: आईप्रति, वचनातून. असे लिहिताच दिसते, की पहिली दोन एकाच माणसाला लागतात, म्हणून त्यांचा तोल कसा साधायचा हे विचारायला तो माणूस समोर आहे. आणि तिसरे कर्तव्य दुसऱ्याच्या मालकीच्या गोष्टीबद्दल दिलेले वचन आहे. जे माझे नाही ते लपवून ठेवण्याचे वचन मी किती दूरपर्यंत देऊ शकतो, हा प्रश्न इथे उघडा पडतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी 1930 साली मांडलेला विचार या पायरीवर फार उपयोगी पडतो. वचन पाळणे, झालेल्या चुकीची भरपाई करणे, कृतज्ञता, न्याय, परोपकार, इजा न करणे, अशी अनेक कर्तव्ये प्रथमदर्शनी आपल्यावर असतात, त्यांची कायमची उतरंड लावता येत नाही, आणि विशिष्ट प्रसंगात कोणते वरचढ ठरते ते त्या प्रसंगाकडे पाहूनच ठरवावे लागते. हरलेले कर्तव्य खोटे ठरत नाही. ते फक्त त्या वेळी मागे राहते. या मागे राहिलेल्या कर्तव्याची बाकी आपल्या नावावर राहते, आणि या लेखात मला सर्वांत तळमळीने सांगायचे आहे ते हेच. त्याकडे शेवटी येते.

कायदा आणि व्यवसायाचे नियम काय म्हणतात, हेही याच पायरीवर पाहून घ्यावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आजाराचे गांभीर्य फुगवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. पण माहिती कोणाला असावी हे सांगताना तिथे रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र असा मोकळा उल्लेख आहे. म्हणून मुलाच्या विनंतीवर डॉक्टर गप्प राहू शकतात. संमतीच्या बाबतीत मात्र 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की सज्ञान रुग्ण तात्पुरता बेशुद्ध असताना, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर त्याच्या वतीने आईने दिलेली शस्त्रक्रियेची संमतीसुद्धा चालत नाही. नियम सगळे ठरवून देत नाहीत, पण कुंपण कुठे आहे ते दाखवतात.

चौथी पायरी: जवळची, निकाली निघालेली उदाहरणे शोधा

तत्त्वांवरून निर्णयाकडे थेट उतरता येत नसेल, तर उदाहरणांवरून चालत जावे. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीपासून कॅथलिक धर्मगुरूंनी ही पद्धत वाढवली. तिला कॅझुइस्ट्री म्हणतात. ज्याबद्दल कोणालाच शंका नाही असा प्रसंग आधी घ्यायचा, मग कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसे यांतली एकेक गोष्ट बदलत आपल्या प्रसंगापर्यंत यायचे, आणि कोणत्या बदलापाशी उत्तर डळमळते ते पाहायचे. आपल्याकडे उत्सर्ग (सामान्य नियम) आणि अपवाद, तसेच आपद्धर्म (संकटकाळी चालणारे वर्तन) यांची चर्चा याच वाटेने झाली. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'चे 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण मराठी वाचकाने यासाठी जरूर वाचावे. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे) यांपैकी प्रत्येक नियम कुठे अडतो ते त्यांनी प्रसंग देऊन दाखवले आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात उपाशी विश्वामित्राने चांडाळाच्या घरून कुत्र्याचे मांस चोरण्याचा प्रसंगही त्यात येतो.

ही पद्धत चालते याचा आधुनिक पुरावाही आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवून त्यांचे निरीक्षण केले गेले. ते उघडकीस आल्यावर 1974 साली मानवी संशोधनाच्या नीतीसाठी अकरा सदस्यांचा राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्या आयोगासोबत काम केलेले तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी नोंदवले, की वेगवेगळ्या व्यवसायांचे आणि श्रद्धांचे हे सदस्य प्रत्यक्ष प्रकरणांवर बहुतेक वेळा एकमताने निर्णय घेत. मतभेद उफाळत ते आपण तो का घेतला हे सांगताना. घरातल्या वादातही हे करून पाहावे. मुलगा आणि मुलगी 'सत्य मोठे की करुणा' यावर रात्रभर भांडतील, पण दोन टोकांच्या उदाहरणांवर त्यांचे पटकन जमते.

एक टोक: बाबा शेवटच्या काही तासांत आहेत, अर्धवट शुद्धीत, आणि त्याच दिवशी त्यांच्या भावाला अपघात झाला आहे. त्यांना ते सांगू नये, यावर दोघांचे एकमत. दुसरे टोक: बाबा पन्नाशीचे आहेत, व्यवसाय त्यांच्या नावावर आहे, आणि त्यांनी बजावले आहे की काहीही असो, मला स्पष्ट सांगा. इथे लपवणे हा विश्वासघात आहे, यावरही एकमत. आता आपले बाबा या दोहोंच्या मध्ये कुठे बसतात? ते शुद्धीत आहेत, रोज विचारत आहेत, केमोथेरपी घ्यायची की नाही हे ठरायचे आहे, शेताची वाटणी राहिली आहे, आणि काकांच्या वेळचे त्यांचे बोलणे आठवले आहे. ते दुसऱ्या टोकाच्या बरेच जवळ आहेत. थोरल्या मुलाला हे वादातून पटले नसते; उदाहरणांच्या रांगेत बाबांना स्वतःच्या हाताने ठेवल्यावर पटले.

या पद्धतीचा गैरवापरही होतो. फ्रेंच विचारवंत पास्कल यांनी 1656–57 मध्ये जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंवर जी घणाघाती टीका केली, ती याच कारणासाठी: बारीकसारीक फरक काढत गेले की प्रतिष्ठितांच्या कोणत्याही पापाला पळवाट सापडते. म्हणून उदाहरणे शोधताना आपल्याला नको असलेल्या उत्तराकडे नेणारी उदाहरणेही तितक्याच मेहनतीने शोधावीत.

पाचवी पायरी: तिसरी वाट आहे का, आणि ती खरी आहे का

कौशिकाची गोष्ट ज्या प्रसंगात सांगितली गेली तो प्रसंगच पाहा. कर्णाच्या बाणांनी जखमी होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर संतापाने अर्जुनाला म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते. तो भावावर तलवार उपसतो. श्रीकृष्ण त्याला थांबवतो आणि वाट काढून देतो: ज्येष्ठाला 'तू' म्हणून अपमानित करणे हा त्याचा वधच आहे, तेवढे कर. प्रतिज्ञाही राहते आणि भाऊही.

मात्र महाभारतातच दुसऱ्या प्रकारच्या वाटेचाही हिशेब मांडला आहे. 'नरो वा कुंजरो वा' म्हणून युधिष्ठिराने शब्दांपुरते सत्य राखले, पण द्रोणांचा समज खोटा व्हावा हाच हेतू होता. आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. 'थोडी सूज आहे' हे उत्तर याच जातीचे आहे. सूज असतेही. म्हणून तिसऱ्या वाटेची कसोटी अशी लावावी: ज्याच्यासाठी ती काढली, त्याला ती पुढे पूर्ण समजली, तर आपल्याला फसवले असे त्याला वाटेल की सांभाळून घेतले असे वाटेल?

आमच्या उदाहरणातल्या कुटुंबाला तिसरी वाट सापडली ती साधी होती. सांगायचे की नाही हे मुलांनी ठरवण्याऐवजी बाबांनाच विचारायचे: "बाबा, तपासणीचे सगळे तपशील आलेत. तुम्हाला सगळे ऐकायचे आहे, की थोडे थोडे, की ते आमच्यावर सोपवायचे आहे?" काही जण खरोखरच म्हणतात, तुम्ही बघा, मला नका सांगू. तेही उत्तर त्यांचे स्वतःचे असते, आणि ते पाळावे. प्रश्न विचारताना घाई नसावी, खोलीत गर्दी नसावी, आणि त्या दिवशीची वेदनाशामक औषधे देऊन झालेली असावीत.

सहावी पायरी: निर्णयाआधी बाहेरच्या एका माणसाशी बोला

ही पायरी लहान आहे. या प्रश्नात ज्याचा फायदा-तोटा नाही, जो तुम्हाला 'नाही' म्हणू शकतो, अशा एकाच माणसासमोर निर्णय आणि त्याची कारणे मोठ्याने सांगावीत. जे कारण सांगताना आवाज आपोआप खाली येतो, ते पुन्हा तपासावे.

बाहेरच्याचे मत आणि जवळच्याचे मत यांत कोणाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात अत्यंत कठीण रूपात पुढे आला. 1973 साली झालेल्या अत्याचारानंतर त्या अनेक दशके अंथरुणावर होत्या. त्यांच्यासाठी दयामरणाची मागणी एका लेखिकेने केली, आणि वर्षानुवर्षे त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांनी तिला विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 मध्ये काटेकोर अटींसह निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जीव टिकवून ठेवणारे उपचार थांबवण्याला, वाट करून दिली, पण अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रोजची सेवा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा मानला. मे 2015 मध्ये त्यांचे निधन झाले. सल्ला दुरून घ्यावा, पण बोलण्याचा हक्क ज्यांनी भार उचलला आहे त्यांचा, असा अर्थ मी त्यातून घेते. स्वतःबद्दलचा असा पेच आपल्या मुलांवर येऊ नये यासाठी, आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्रही आता करता येते. 2018 च्या निकालाने त्याला मान्यता मिळाली, आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी होऊन दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरले.

सातवी पायरी: निर्णय अमलात आणा आणि मागे राहिलेली बाकी फेडा

निर्णय झाला की कोण बोलणार, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवून टाकावे. न ठरवलेला निर्णय आपोआप मौनात जमा होतो. पण काम तिथे संपत नाही. अर्जुनाकडे पुन्हा पाहा. वाट निघाली, कोणी मेले नाही, तरीही कठोर शब्द ऐकलेला युधिष्ठिर राज्य सोडून वनात जायला निघाला. श्रीकृष्णाने त्याची समजूत घातली, अर्जुनाने भावाच्या पायांवर डोके ठेवले, दोघे रडले, आणि मगच अर्जुन रणांगणावर परतला. योग्य उपाय केल्यावरही क्षमा मागावी लागली, कारण ज्येष्ठाचा मान राखण्याचे कर्तव्य मागे राहिले होते.

थोरल्या मुलाच्या नावावर बाकी होती ती आईची. बाबांशी बोलण्याच्या आदल्या रात्री तो स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "आई, तुला दिलेला शब्द मी उद्या मोडणार आहे. तुला मागाहून कळू नये म्हणून आधीच सांगतोय. तू रागावलीस तरी मी ऐकून घेईन." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "सांगताना मी तिथे बसू का?" ज्यांच्या आया 'हो' म्हणत नाहीत, त्यांनीही हे बोलणे आदल्या रात्रीच करावे, आणि नंतरचे काही आठवडे आईच्या अबोल्याचा राग धरू नये.